फॅन डायरेक्ट करून घेऊ नका



आज उसाची नोंद नाही, हरभऱ्याची नाही. आज जुन्या गाडीवर लिहितोय. तरी विषय आपलाच आहे. मारुती ८००, ओम्नी, जुनी झेन असल्या गाड्या शहरात आता कमी दिसतात, पण वाडीवस्तीवर अजून राबतायत. खताची पोती, दुधाचे कॅन, बाजार, लग्नकार्य, दवाखाना, सगळं त्यांच्यावरच चाललंय. आणि या गाड्यांवर आपल्याकडं एक अन्याय सर्रास होतोय, त्याबद्दल बोलायचंय.

गाडी गरम होते. मिस्त्री बॉनेट उघडतो. रेडिएटरचा फॅन फिरत नाही हे बघतो. मग फॅनच्या दोन वायरी तोडतो, सोलतो, चावीच्या करंटला पिळून जोडतो, वर काळी टेप मारतो आणि म्हणतो, "डायरेक्ट केलाय, आता टेन्शन नाही." आपण शंभराची नोट देतो, चहा पाजतो आणि खुश होऊन घरी येतो. याला आपण दुरुस्ती म्हणतो.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. ही दुरुस्ती नाही. रानातला राखणदार आजारी पडला म्हणून त्याला कायमचा घरी घालवला आणि रानात रात्रभर नुसता भोंगा चालू ठेवला, त्यातला हा प्रकार आहे.

आधी हा फॅन स्विच काय करतो ते बघू. पितळेचा, बोटाच्या पेराएवढा नग असतो. काही गाड्यांत इंजिनवर पाण्याच्या वाटेत बसवलेला, काहींत रेडिएटरच्या टाकीलाच. आत दोन धातूंची एक चकती असते. दोन्ही धातू तापल्यावर सारखे फुगत नाहीत, त्यामुळं ठरावीक उष्णतेला चकती टचकन उलटते आणि करंट जोडते. बऱ्याच गाड्यांत हा आकडा नव्वद ते पंच्याण्णव अंशांच्या आसपास असतो. फॅन सुरू होतो, पाणी पाच-सात अंश उतरलं की चकती परत सुलटते आणि फॅन बंद. ना कॉम्प्युटर, ना ॲप. माणसाने लक्ष ठेवायची गरज नाही. एवढा साधा आणि इमानदार नग गाडीत दुसरा नसेल.

आता डायरेक्टवाल्यांची बाजू घेऊ. मी गेली काही वर्षं गॅरेजात, पारावर, साखर कारखान्याच्या काट्यावर यावर वाद घालतोय. चार मुद्दे हमखास येतात.

पहिला मुद्दा, "ट्रॅक्टरचा फॅन कायम फिरतोच की, मग कारचा फिरला तर काय बिघडलं?"

ट्रॅक्टरचा फॅन पट्ट्यावर असतो. इंजिन फिरतं तोवर तो फिरणारच. जुन्या अँबॅसडरला, जीपलाही तेच होतं. ट्रॅक्टर नांगराला लावला की वेग बैलाच्या चालीपेक्षा थोडा जास्त आणि ओझं दांडगं. समोरून वारा येत नाही, म्हणून त्याला कायम फॅन लागतो. ८०० चं इंजिन बॉनेटमध्ये आडवं बसवलेलं आहे, त्याचा पट्टा रेडिएटरसमोर येतच नाही. म्हणून तिथं वेगळी विजेची मोटर दिली. आणि गाडी साठच्या वेगाने चालली की समोरचा वाराच रेडिएटर गार करतो, फॅनची गरजच नसते. गरज लागते ती उसाच्या दोन ट्रॉल्यांच्या मागं पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगताना, टोलनाक्यावर, घाटात. मे महिन्यात पुण्याकडनं साताऱ्याला येताना खंबाटकी चढून बघा, बॉनेट उघडून उभ्या गाड्या दिसतील. म्हणजे जी मोटर कधीमधी फिरण्यासाठी बनवलीय, तिला आपण पूर्ण वेळ राबवतो. तिचे कार्बन झिजतात, बुश झिजतात. आणि ती जळते कुठं? घाटातच. कारण डायरेक्ट केलेला फॅन आहे म्हणून आपण निर्धास्त असतो.

दुसरा मुद्दा, "इंजिन जितकं थंड तितकं चांगलं."

सगळ्यात मोठा गैरसमज हाच आहे. इंजिनला ताप नको हे खरं, पण त्याला ऊब लागते. त्यासाठीच पाण्याच्या वाटेत थर्मोस्टॅट वॉल दिलेला असतो. आत मेण असतं. साधारण ब्याऐंशी अंशांना ते वितळून फुगतं आणि वाट उघडतं. तोवर पाणी इंजिनमध्येच फिरतं आणि इंजिन लवकर तापतं. नुसता फॅन डायरेक्ट केला आणि हा वॉल शाबूत असला, तर इंजिन फार थंड पडत नाही, वॉल सांभाळून घेतो. हे मान्य करायला पाहिजे. पण आपले मिस्त्री तिथं थांबत नाहीत. "वॉल पण काढून टाकलाय, पाणी मोकळं फिरू दे," हे वाक्य डायरेक्टच्या पाठोपाठ येतंच. मग थंडीत सकाळी गाडी दहा-बारा किलोमीटर गेली तरी काटा जागचा हलत नाही. चोक जास्त वेळ ओढावा लागतो, पेट्रोल जास्त जातं, प्लग काळे पडतात. ऑइलमध्ये उतरलेलं पाणी आणि पेट्रोल इंजिन नीट तापल्यावरच उडून जातं. ते तसंच राहिलं की ऑइलचा चिखल होतो. गाडी गॅसवर असेल तर रिड्यूसरलाही ऊब इंजिनच्याच पाण्यातून मिळते, तीही गेली. मग आपण म्हणतो, "जुनी गाडी आहे, ॲव्हरेज देत नाही." तिनं द्यायचं कसं?

तिसरा मुद्दा, "वायर जोडली, काम झालं, त्यात धोका काय?"

धोका जोडण्यात नाही, कुठं आणि कशी जोडली त्यात आहे. कंपनीच्या वायरिंगमध्ये फॅनला स्वतःचा फ्यूज असतो, बहुतेक ठिकाणी रिले असतो, वायर त्या ओझ्याच्या जाडीची असते. मिस्त्री हाताला सापडेल ती वायर घेतो, पुष्कळदा स्पीकरची किंवा इंडिकेटरची, आणि जवळ सापडेल त्या करंटला जोडतो. कधी इग्निशन कॉइलच्या वायरला, कधी थेट चावीला. फॅन गाडीतल्या जास्त करंट ओढणाऱ्या वस्तूंपैकी एक आहे. बारीक वायर तापते, चावीच्या आतले पॉइंट जळतात, कॉइलला करंट कमी पडून गाडी मिस मारते. रात्री हेडलाइट, पावसात वायपर, वर हा अखंड फॅन, मग बॅटरी सकाळी उठत नाही. आणि फ्यूज नसलेली वायर बॉनेटच्या पत्र्याला घासून उघडी पडली तर काय होतं ते सांगायची गरज नाही. पेट्रोलचा पाइप तिथून वीतभर अंतरावर असतो.

चौथा मुद्दा, "पाच वर्षं झाली डायरेक्ट करून, काय झालं नाही."

विहिरीवरच्या मोटरीचा ओव्हरलोड रिले काडी घालून अडकवलेला माणूसही असंच म्हणतो. रात्रपाळीची लाईट, सारखा ट्रिप होतो, कोण जाणार उठून? म्हणून काडी घालायची. फ्यूज सारखा उडतो म्हणून त्या जागी जाड तार घालायची. मोटर चालते. महिना चालते, वर्षभरसुद्धा चालते. एके रात्री एक फेज जातो आणि सकाळी नुसता वार्निशचा वास येतो. रिवायंडिंगचं बिल हातात पडलं की आपण महावितरणला शिव्या देतो. रिले सारखा का पडत होता, हे मात्र कुणी बघितलेलं नसतं.

गाडीतही नेमकं हेच होतं आणि माझा सगळ्यात मोठा आक्षेप यालाच आहे. फॅन फिरत नाही हे कित्येकदा नुसतं लक्षण असतं. पाणी कमी झालंय आणि स्विच हवेत राहिलाय, त्याला उष्णता कळतच नाही, असंही असू शकतं. हवेचा फुगा अडकलेला असू शकतो. बोअरचं खारं पाणी ओतून ओतून स्विचवर क्षाराचा थर बसलेला असू शकतो. आपल्याकडच्या ठिबकच्या नळ्या आठवा, तोच पांढरा खडा रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. जाळीत पाचटाचा भुगा, किडे, माती भरलेली असू शकते. डायरेक्ट केल्यावर यातलं काहीच दिसत नाही. पिवळं पान दिसलं की मुळी न बघता युरिया टाकणं आणि गाडी तापली की कारण न बघता फॅन डायरेक्ट करणं, दोन्ही एकाच माळेचे मणी. लक्षण दबतं, रोग आत वाढतो. आणि पाणी पुरतं संपलं तर काट्यावरही भरवसा नाही, कारण काट्याचा सेन्सर पाण्यात बुडलेला असेल तरच खरं बोलतो.

शेवटी हेड बेंड होतं, गॅस्केट उडतं. सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो आणि ऑइलची दांडी काढली की ताकासारखं पांढुरकं ऑइल दिसतं. मग हेड उतरवा, फेसिंग करा, गॅस्केट सेट आणा, ऑइल बदला, आठ दिवस गाडी उभी. पितळेचा एक छोटा नग वाचवला आणि अर्ध्या इंजिनचं काम काढलं.

माझ्या स्वतःच्या १९९७ च्या ८०० चं सांगतो. क्लच प्लेटच्या कामाला गाडी तालुक्याच्या एका गॅरेजात दिली होती. घेऊन आलो तर चावी फिरवली की फॅन सुरू. न विचारता, न सांगता केलेलं. फोन केला तर उत्तर मिळालं, "दादा, तुम्हाला नंतर त्रास नको म्हणून करून दिलं." म्हणजे उपकारच! दुसऱ्या दिवशी गाडी परत नेली आणि सगळं होतं तसं करून द्या म्हटलं. तो म्हणाला, "स्विच आता मिळत नाही." स्पेअर पार्टच्या तिसऱ्या दुकानात मिळाला. पाचशेची नोट दिली, त्यातून पैसे परत आले. त्याला "मिळत नाही" वाटत होतं कारण त्यानं कधी मागितलाच नव्हता.

आता नुसती टीका करून उपयोग नाही. तपासायचं कसं ते सांगतो. मी दहावी पास माणूस आहे, मला जमतं म्हणजे कुणालाही जमेल.

१. इंजिन पूर्ण गार असताना पाणी बघा, जाळी बघा, फ्यूज बघा. निम्मी कामं इथंच संपतात.

२. फॅन स्विचचं सॉकेट काढा. काट्याचा सेन्सर वेगळा असतो, त्याला बहुतेक एकच वायर असते, त्यात गोंधळ करू नका. चावी ऑन करा, इंजिन सुरू करू नका. सॉकेटच्या दोन पिना तारेच्या तुकड्याने जोडा. स्विचला एकच वायर असेल तर ती बॉडी अर्थला लावा. हात आणि उपरण्याचं टोक फॅनपासून लांब ठेवा.

३. फॅन फिरला म्हणजे मोटर, फ्यूज, रिले सगळं ठीक आहे. संशय स्विचवर. नाही फिरला तर स्विचला दोष देऊ नका. रिले, अर्थ, मोटर बघा. कित्येक चांगले स्विच असेच फेकले जातात आणि गंजलेला अर्थ तसाच राहतो.

४. स्विच काढून त्याचं फक्त पितळेचं टोक पातेल्यातल्या पाण्यात धरा. बॅटरी आणि बल्बची साधी लाइन त्यातून जोडा. पाणी उकळीला येता येता बल्ब लागला पाहिजे, गार होताना विझला पाहिजे. त्याच पातेल्यात थर्मोस्टॅट वॉलही सोडा आणि उघडतो का बघा. घरातलं चहाचं पातेलं घेऊ नका, नंतर माझ्या नावाने ओरड नको.

५. नवा घेताना जुना नग सोबत न्या. आटे आणि त्यावर कोरलेला अंशांचा आकडा जुळला पाहिजे. बसवताना जोर लावू नका, ॲल्युमिनियममधले आटे लगेच जातात.

६. बोअरचं पाणी बंद करा. कुलंट आणि साधं शुद्ध पाणी डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात घाला. हीटर उघडा ठेवून, इंजिन गार असताना झाकण काढून गाडी सुरू करा. वॉल उघडला की हवा निघून पाणी खाली जाईल, तेवढं भरा आणि झाकण लावा. झाकणाचं रबरही बघा. त्या दाबामुळंच पाणी शंभर अंशांना उकळत नाही, त्यावर पंधरा-वीस अंश तग धरतं. रबर गेलं की तो आधार गेला.

२००० च्या सुमारास एमपीएफआय गाड्या आल्या. त्यात बहुतेक ठिकाणी फॅन कॉम्प्युटर चालवतो आणि उष्णता सेन्सर सांगतो. तिथं वरची तारेची तपासणी करू नका, स्कॅनर असलेल्या माणसाकडं जा. आणि तिथं वॉल काढणं तर दुप्पट गाढवपणा, कारण इंजिन गारच आहे असं समजून कॉम्प्युटर जास्त पेट्रोल सोडत बसतो.

मग डायरेक्ट कधीच करू नये का? करावा. रस्त्यात अडकलात, रात्र आहे, फॅन फिरत नाही, तर करा आणि घर गाठा. वाटेत हीटर फुल सोडा, घाम येईल पण इंजिनचा ताप बाहेर पडेल. झाकण गरम असताना उघडू नका, वाफ तोंडावर येते. तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओतू नका, हेडला चीर जाऊ शकते. पण दुसऱ्या दिवशी ती जोडणी काढा. फार भीती वाटत असेल तर स्विचच्या जोडीला एक हाताचा स्विच द्या, फ्यूज आणि रिले घालून. राखणदार जागेवर राहू दे, वर तुमचाही एक हात असू दे. त्याला माझी हरकत नाही. माझी हरकत तात्पुरतं ते कायमचं करण्याला आहे.

मिस्त्री लोकांवर सगळं ढकलून मोकळं होणारा मी नाही. त्यांनी स्विच शोधायला अर्धा दिवस घालवला तर आपण मजुरी देताना तोंड वाकडं करतो. पाच मिनिटांत गाडी चालू करणारा "हुशार" आणि कारण शोधणारा "वेळकाढू", हा शिक्का आपणच मारतो. पंधरा वर्षांनंतरचं पासिंग, ग्रीन टॅक्स, कुरकुरत का होईना भरतो. टेपवर हजारो घालतो. आणि या एका नगाला "डायरेक्ट करा" म्हणतो. गिऱ्हाइकानेच असं म्हटल्यावर मिस्त्री कशाला शहाणपण शिकवेल? पण मिस्त्री भावांनो, एवढं तरी करा. डायरेक्ट केलात तर बिलावर लिहा, तोंडी सांगा. न सांगता केलेली जोडणी ही फसवणूकच आहे, मग हेतू कितीही चांगला असो.

एक शेवटचं. वस्तीवर रात्री दोन वाजता कुणाला साप चावला, कुणाच्या सुनेच्या पोटात दुखायला लागलं, तर पहिलं दार त्या घराचं वाजतं ज्याच्या अंगणात गाडी उभी आहे. दरवेळी ॲम्ब्युलन्स वेळेत पोचतेच असं नाही. त्या रात्री मागच्या सीटवर कुणीतरी कण्हत असतं, पुढं उसाच्या ट्रॉल्या असतात आणि काटा वर चढायला लागतो. त्या वेळी तो पितळेचा नग जागेवर आहे का, त्याची वायर धड आहे का, यावर फार काही अवलंबून असतं. गाडी जुनी आहे म्हणून तिचं काम जुनं होत नाही.

तेव्हा येत्या रविवारी बॉनेट उघडा. गार इंजिनवर चावी ऑन केल्या केल्या फॅन फिरायला लागला, तर समजा तुमच्या गाडीचा राखणदार कुणीतरी घालवलाय. त्याला परत कामावर आणा. आणि तेवढ्याच दमात विहिरीवर जाऊन स्टार्टरमधली काडीही काढून टाका.

पटलं तर भावकीत पुढं पाठवा. नाही पटलं तर पारावर या, वाद घालू. चहा माझ्याकडून.